विचारल्याशिवाय हात लावू नये

२०२४ च्या जूनमध्ये नवी मुंबईतल्या महापेच्या डेटा सेंटरमधून आलेल्या एका फोटोत मला एक चिठ्ठी दिसली आणि ती अजून डोक्यातून गेलेली नाही. फोटो मागवला होता तो वेगळ्याच कारणासाठी. पुण्यात बसून आम्ही तिथल्या एका नव्या सर्व्हरवर नेटवर्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम चढवू पाहत होतो आणि तो सर्व्हर दर वेळी ‘पीएक्सई-ई५१’ एवढे सांगून थांबत होता. म्हणजे यंत्राने पत्ता मागितला होता, पण कोणी दिला नव्हता. केबल नेमकी कोणत्या पोर्टात आहे ते पाहण्यासाठी मी तिथल्या तंत्रज्ञाला फोन केला. “दादा, रॅकचा मागून आणि पुढून एकेक फोटो पाठवाल का?” त्यांनी लगोलग पाठवले. मागच्या फोटोत माझ्या प्रश्नाचे उत्तर होते. केबल पहिल्या पोर्टाऐवजी तिसऱ्यात गेली होती. पुढच्या फोटोत, नव्या सर्व्हरच्या खालीच बसवलेल्या जुन्या सर्व्हरच्या दर्शनी पट्टीवर, पिवळ्या पडलेल्या सेलोटेपखाली वहीच्या कागदाचा एक तुकडा होता. त्यावर निळ्या बॉलपेनने, सावकाश काढलेल्या वळणदार अक्षरांत लिहिले होते, ‘बंद करू नये. विचारल्याशिवाय हात लावू नये.’

कोणाला विचारायचे, ते लिहिलेले नव्हते.

हे काम करणाऱ्या कोणालाही अशी चिठ्ठी नवी नाही. पण हा सर्व्हर नेमका आमच्या अपग्रेडच्या यादीत होता. त्यावर सेंटओएस ७ हे लिनक्स कुळातले ऑपरेटिंग सिस्टिमचे सॉफ्टवेअर होते, २०१४ साली आलेले, आणि ३० जून २०२४ रोजी त्याची मुदत संपत होती. त्यानंतर त्याला सुरक्षेचे एकही अपडेट येणार नव्हते. तेव्हा हात तर लावावाच लागणार होता. मला छळत राहिले ते त्या अक्षरांतले जपणे. हुकूम देण्यासाठी कोणी इतके सावकाश लिहीत नाही. लिहिणाऱ्याला या यंत्राबद्दल काहीतरी ठाऊक होते, ते सगळे सांगायला कागद पुरणार नव्हता किंवा वेळ नव्हता, आणि म्हणून त्याने फक्त इशारा देऊन ठेवला. ती व्यक्ती संस्था सोडून गेल्याला बरीच वर्षे झाली होती. तिचे नाव सांगू शकेल असेही आता कोणी उरले नव्हते.

मी या कामात आले तेव्हा सर्व्हर इन्स्टॉल करायचा म्हणजे त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे, हे गृहीतच होते. रेड हॅट लिनक्स ९ च्या तीन सीडी एका पाकिटात घालून सर्व्हर रूममध्ये शिरायचे. बाहेर मे महिना असो की ऑक्टोबर, आत कायम एकच हाडे गोठवणारा ऋतू. पायाखाली पोकळ फरशी, तिच्या भोकांमधून घोट्यांवर येणारे गार वारे आणि पंख्यांचा असा आवाज, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागे. चाकांच्या ट्रॉलीवरचा जड मॉनिटर आणि कीबोर्ड ढकलत रॅकपाशी न्यायचा, मागे वाकून केबल जोडायची, सीडीचा तो नाजूक ट्रे बाहेर आला की पहिली सीडी ठेवायची आणि मग प्रश्नांमागून प्रश्न. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, डिस्कचे भाग कसे पाडायचे, वेळ कोणत्या शहराची. कलकत्ता निवडायचे, पुढे जायचे. दुसरी सीडी मागेपर्यंत तिथेच थांबायचे, कारण बाहेर जाऊन बसले आणि मागणी चुकली तर तेवढा वेळ वाया. बाहेर आल्यावर कानांत बराच वेळ तो घुमारा राही आणि बोटांना ऊब यायला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे.

त्या कामात एक समाधान होते, हे मी नाकारणार नाही. यंत्राशी ओळख होत असे. कोणत्या सर्व्हरची डिस्क कुरकुरते, कोणाचे पॉवरचे बटण जरा जोरात दाबावे लागते, हे हाताला माहीत असे. पण त्याच ओळखीची दुसरी बाजू अशी, की प्रत्येक यंत्र थोडे थोडे वेगळे घडत जाई. सोमवारी एकाने डिस्कचा एक भाग मोठा ठेवला, गुरुवारी दुसऱ्याने लहान; एकाने सॉफ्टवेअरचे एक पॅकेज घेतले, दुसऱ्याला ते सुचले नाही. त्या क्षणी दिलेली उत्तरे कोणाच्याच लक्षात राहत नसत. यंत्र चालू लागे आणि ते तसे का चालते याचे ज्ञान ते काम करणाऱ्या माणसाबरोबर घरी जाई. पुढे त्या माणसाने नोकरी बदलली, की मागे उरे ती चिठ्ठी.

नेटवर्कवरून इन्स्टॉल होणारे यंत्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा फार वेळ नुसती पाहत राहिले होते. डिस्क पूर्ण कोरी. यंत्राला स्वतःचे नाव नाही, पत्ता नाही, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायची ते माहीत नाही. नेटवर्क कार्डावर कारखान्यातच कोरलेला ४८ बिटांचा हार्डवेअर पत्ता तेवढा त्याच्याजवळ असतो. वीज आली की कार्डातला छोटासा प्रोग्राम जागा होतो आणि संपूर्ण नेटवर्कला उद्देशून हाक देतो. त्या हाकेत पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून नुसती शून्ये असतात आणि घेणाऱ्याचा पत्ता ‘सर्वांना’ असा असतो. जो सर्व्हर ती हाक ऐकतो तो उत्तर देतो: हा तुझा पत्ता, अमुक यंत्राकडे जा, तिथून या नावाची फाईल घे. यंत्र निमूटपणे जाते, फाईल आणते, तिच्यातून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, येतो, कर्नलमागून इन्स्टॉलर येतो, आणि अर्ध्या तासापूर्वी निव्वळ लोखंड असलेली वस्तू लॉगिन मागत उभी राहते.

ही हाक पुष्कळ जुनी आहे. कोऱ्या यंत्राने नेटवर्ककडे स्वतःचा पत्ता विचारण्याची रीत १९८४ च्या जूनमध्ये कागदावर आली, पण तिच्यात पत्त्यापलीकडे काही मिळत नसे. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर या दोघांनी ‘बूटपी’ ही पद्धत मांडली आणि उत्तरात पत्त्याबरोबर फाईलचे नावही देण्याची सोय झाली. त्या काळी डिस्क महाग होत्या. डिस्कच नसलेली वर्कस्टेशने सुरू करायची कशी, ही त्यांच्यासमोरची अडचण होती. पुढे १९९३ मध्ये यंत्रांना पत्ते वाटणारे डीएचसीपी आले, तेही त्याच पाकिटाची रचना कायम ठेवून. आज आपला मोबाईल घरातल्या वायफायला जोडला जातो तेव्हा जे पाकीट इकडून तिकडे जाते, त्यातही बूट करण्याच्या फाईलचे नाव लिहिण्यासाठी क्रॉफ्ट आणि गिलमोर यांनी ठेवलेली १२८ बाइटांची ती जागा असते, बहुधा रिकामीच. इंटेलने १९९९ मध्ये नेटवर्कवरून बूट होण्याच्या पद्धतीची, म्हणजे पीएक्सईची, २.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली आणि साध्या पीसीपासून सर्व्हरपर्यंत सगळ्यांच्या नेटवर्क कार्डात ही हाक कायमची वसली.

फाईल आणण्याचे काम जो टीएफटीपी करतो, तो तर याहूनही आधीचा. कॅरन सोलिन्स यांनी त्याचे लेखी स्वरूप १९८१ मध्ये सिद्ध केले आणि १९९२ मध्ये सुधारले. तो इतका साधा आहे, की कार्डावरच्या इवल्याशा चिपमध्येही मावतो, आणि त्याच साधेपणामुळे तो संथही आहे. ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवायचा, ‘मिळाला’ असे उत्तर येईपर्यंत थांबायचे, मग पुढचा तुकडा. तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांचा असल्यामुळे मूळ नियमाने ३२ एमबीच्या आसपास त्याची धाव संपते. १९९५ मध्ये तुकडा मोठा करण्याची मुभा आली म्हणून आजच्या मोठ्या फाईली त्याच्यातून येऊ शकतात. रात्री उशिरा सर्व्हरच्या नोंदींत, म्हणजे लॉगमध्ये, हे तुकडे सरकताना पाहिले आहेत. घाई नाही, गोंधळ नाही, हरवलेला तुकडा पुन्हा मागायचा आणि पुढे चालायचे.

मला यातली सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र पीएक्सईलिनक्स या बूट प्रोग्रामच्या लॉगमध्ये दिसते. सुरुवातीचा प्रोग्राम आला की तो स्वतःसाठी सूचनांची फाईल शोधू लागतो. आपल्या हार्डवेअर पत्त्याच्या नावाची फाईल मागतो. ती नसेल तर नेटवर्क पत्ता ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांच्या पद्धतीत लिहून त्या नावाची, म्हणजे १९२.१६८.१०.२५ असेल तर ‘सी०ए८०ए१९’. तीही नसेल तर शेवटचे अक्षर गाळून ‘सी०ए८०ए१’, मग ‘सी०ए८०ए’, मग ‘सी०ए८०’, असे करत करत एकटा ‘सी’ उरेपर्यंत, आणि अगदी शेवटी सगळ्यांसाठीची ‘डिफॉल्ट’. जुन्या पुण्यात पाहुण्याने आधी घराचे नाव विचारावे, ते कोणाला ठाऊक नसेल तर वाड्याचे, मग आळीचे आणि शेवटी नुसत्या पेठेचे, तसा हा शोध चालतो. एका ओळीखाली एक, प्रत्येक वेळी एक अक्षर कमी, आणि प्रत्येक ओळीपुढे ‘फाईल नाही’. यंत्र थकत नाही, पुन्हा विचारते. कोणाकोणाला कोणत्या टप्प्यावर उत्तर द्यायचे ते आपण ठरवायचे असते, म्हणून एकाच यंत्राला वेगळी वागणूक देता येते किंवा अख्ख्या रॅकला सारखी.

पण कोणीही हाक ऐकून उत्तर दिले, की यंत्र त्याच्यावर विश्वास ठेवते, आणि इथेच माझे मन नेहमी द्विधा होते. मूळ रचनेत उत्तर देणाऱ्याची ओळख पटवण्याची कोणतीच सोय नाही. आधी जे उत्तर येईल ते मान्य. त्याच नेटवर्कवर एखाद्याने चुकून डीएचसीपी चालू असलेला घरगुती राउटर जोडला, तर तोही उत्तर देऊ लागतो. म्हणून इन्स्टॉलसाठीचे नेटवर्क वेगळे ठेवायचे, सगळ्या केबली जिथे येतात त्या स्विचला सांगून ठेवायचे की उत्तरे फक्त याच पोर्टातून येऊ देत. हे सगळे करूनही, कोऱ्या यंत्राची हाक आणि पहिल्याच आवाजावरचा तिचा भरवसा पाहताना दर वेळी एक जबाबदारी अंगावर आल्यासारखी वाटते.

स्विचचेही आपले एक गाऱ्हाणे असते. केबल जोडली की तो पोर्ट लगेच खुला करत नाही. नेटवर्कमध्ये कुठे वेटोळे तर झाले नाही ना, याची खात्री करण्यासाठी जुन्या स्पॅनिंग ट्री पद्धतीत तो १५ सेकंद ऐकतो आणि १५ सेकंद शिकतो. या ३० सेकंदांत यंत्राची हाक त्याच्यापुढे जात नाही. गंमत अशी, की एकाच इन्स्टॉलमध्ये हे पुन्हा पुन्हा घडते. कार्डाने केबल जागी केली की ३० सेकंद, कर्नलने कार्डाचा ताबा घेतला की केबल क्षणभर मेल्यासारखी होते आणि पुन्हा ३० सेकंद. कार्ड धीर धरते, इन्स्टॉलर धरत नाही. त्यामुळे सुरुवात उत्तम होते आणि मध्येच नेटवर्क नाही असे सांगून काम थांबते. त्या पोर्टापुरते पोर्टफास्ट, म्हणजे न थांबता पोर्ट खुला करण्याची सोय, चालू केले की प्रश्न मिटतो. हे ज्याला माहीत नाही तो केबली बदलत बसतो, कार्ड बदलतो, शेवटी यंत्रालाच दोष देतो.

चिठ्ठीच्या यंत्राकडे आम्ही वळलो तेव्हा आधी काहीच न बदलता फक्त पाहायचे ठरवले. आमच्या गटात नव्याने आलेली एक मुलगी फार चिवट आहे; तिने ते काम मागून घेतले. रेड हॅटच्या कुळातल्या यंत्रांची एक चांगली सवय आहे. इन्स्टॉल करताना जी उत्तरे दिली, ती सगळी अ‍ॅनाकोंडा हा इन्स्टॉलर रूट या मुख्य वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ‘अ‍ॅनाकोंडा-केएस.सीएफजी’ या फाईलमध्ये लिहून ठेवतो. म्हणजे यंत्राची जन्मनोंद यंत्रापाशीच असते. ती उघडली. भाषा, कीबोर्ड, डिस्कचे भाग, पॅकेजे, सगळे होते. पण त्या दिवसानंतर यंत्राचे काय काय झाले ते तिच्यात कसे असणार? मग पॅकेजबरोबर आलेल्या मूळ फाईली आणि आजच्या फाईली यांत कुठे फरक पडला ते आरपीएम या पॅकेजांच्या साधनाला विचारले. ठरावीक वेळी चालणारी कामे पाहिली. हे सगळे सरळ निघाले, आणि चिठ्ठीचे कारण यात कुठेच नव्हते.

कारण फाईलींमध्ये नव्हतेच. ते मेमरीत होते.

चालू असलेले नेटवर्कचे रस्ते आणि फाईलमध्ये लिहिलेले रस्ते शेजारी ठेवल्यावर एक ओळ जास्तीची निघाली. एका जुन्या उपनेटवर्ककडे जाणारा रस्ता कोणीतरी हाताने टाकला होता आणि तो कुठेही नोंदवला नव्हता. यंत्र रीबूट झाले असते तर तो गेला असता. दुसरी गोष्ट याहून नाजूक होती. अनेक वर्षांपूर्वी ‘स्क्रीन’ या, माणूस बाहेर पडला तरी काम चालू ठेवणाऱ्या, प्रोग्रामच्या सत्रात सुरू करून सोडलेली एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाईल, अजून चालत होती आणि दर रात्री त्या जुन्या उपनेटवर्कमधून काही फाईली आणून बॅकअपच्या जागी ठेवत होती. ती स्क्रिप्ट डिस्कवर शोधली, तर तिथे नव्हती. कधीतरी साफसफाईत पुसली गेली होती. पण लिनक्समध्ये चालू प्रक्रियेने फाईल उघडी धरलेली असेल, तर नाव पुसले तरी मजकूर जिवंत राहतो, आणि स्क्रिप्ट चालवणारा बॅश हा प्रोग्राम आपली स्क्रिप्ट २५५ या क्रमांकाच्या खुणेने (फाईल डिस्क्रिप्टरने) उघडी धरून ठेवतो. चालू प्रक्रियांची माहिती दाखवणाऱ्या ‘प्रॉक’ खाली त्या प्रक्रियेच्या क्रमांकात जाऊन त्या मुलीने २५५ ची नक्कल काढली आणि पडद्यावर ती स्क्रिप्ट आली, टिपणांसकट. “मॅडम, हे बघा,” एवढेच ती म्हणाली. तिचा आवाज जरा कापरा झाला होता, आणि माझ्याही अंगावर काटा आला होता.

त्या कागदावरचा शब्द न् शब्द खरा होता. यंत्र बंद केले असते तर रस्ता गेला असता, स्क्रिप्ट गेली असती, आणि बॅकअप येत नाही हे कळायला कदाचित महिने लागले असते. ज्या व्यक्तीने ते लिहिले तिला हे कळले होते. तिच्याबद्दल मला तेव्हापासून आदर वाटतो, आणि एक हळहळही वाटते. कारण एका ओळीच्या चिठ्ठीऐवजी दोन ओळी रस्त्यांच्या फाईलमध्ये आणि स्क्रिप्टची एक प्रत कुठेतरी नोंदून ठेवली असती, तर भीती पुढच्या माणसाच्या वाट्याला आली नसती. पण त्या व्यक्तीला तसे करायची मुभा होती का, वेळ होता का, कोणी विचारले तरी होते का, हे मला माहीत नाही. आपल्याकडे चालणाऱ्या यंत्राकडे कोणी पाहत नाही, आणि त्याची काळजी घेणाऱ्याकडे तर त्याहून नाही.

म्हणूनच किकस्टार्टच्या फाईलवर माझा इतका जीव आहे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलॅरिसमध्ये जंपस्टार्ट होते, रेड हॅटने किकस्टार्ट आणले, डेबियनचे प्रीसीड, सुझेचे ऑटोयास्ट आणि उबंटू सर्व्हरमध्ये आता ऑटोइन्स्टॉल. नावे निराळी असली तरी कल्पना तीच. जे प्रश्न इन्स्टॉलर पडद्यावर विचारतो, त्यांची उत्तरे आधीच एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून ठेवायची आणि यंत्राने ती नेटवर्कवरून वाचायची. शेवटच्या भागात इन्स्टॉलनंतर करायच्या गोष्टी लिहायच्या, आणि प्रत्येक ओळीवर ती का आहे याचे टिपण. आता त्या जुन्या उपनेटवर्कचा रस्ता तिथे लिहिलेला आहे, सेंटओएसच्या जागी घेतलेल्या अल्मालिनक्स ९ ला समजेल अशा नव्या रूपात, कारण नेटवर्कच्या जुन्या स्क्रिप्ट त्यात राहिलेल्या नाहीत. रात्रीची ती स्क्रिप्ट आता टायमरवर चालते. फाईल आवृत्त्यांच्या कोठारात आहे, बदल कोणी केला आणि का केला हे तिथे राहते.

याच फाईलमध्ये सगळ्यांत धोक्याची ओळही असते. ‘क्लिअरपार्ट’ला ‘सर्व’ असे सांगितले, की इन्स्टॉलर दिसेल ती डिस्क मोकळी करतो. यंत्राला फायबर केबलने मोठे सामायिक स्टोरेज जोडलेले असेल, तर त्याला तेही आपलेच वाटते. म्हणून इन्स्टॉलपूर्वी ती केबल काढायची, किंवा फाईलमध्ये एकाच डिस्कचे नाव देऊन बाकीच्यांकडे पाहू नकोस असे बजावायचे. तेही ‘एसडीए’ असे सिस्टिमने दिलेले नाव नव्हे, कारण हे नाव दर बूटला बदलू शकते, तर डिस्कच्या स्वतःच्या अनुक्रमांकाने. आणखी एक धोका असा, की यंत्राचा बूट क्रम नेटवर्कपासून सुरू होत असेल आणि त्याला दर वेळी तेच उत्तर मिळत गेले, तर ते स्वतःला पुसून पुन्हा पुन्हा नव्याने इन्स्टॉल करत बसते. कॉबलर या नेटवर्क-इन्स्टॉलच्या साधनात यासाठी ‘एकदाच’ अशी सोय आहे. काम संपले की यंत्र तसे कळवते आणि पुढच्या हाकेला ‘स्वतःच्या डिस्कवरून सुरू हो’ असे उत्तर मिळते.

सगळीच यंत्रे मात्र अशी पुसून नव्याने उभी करता येत नाहीत. काहींवर वर्षांचे थर साचलेले असतात आणि ती जागच्या जागी अपग्रेड करावी लागतात. डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएस ८ ची मुदत २०२९ वरून अचानक २०२१ च्या अखेरीवर आणल्याचे जाहीर झाले, तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी लोकांच्या पायाखालची जमीन सरकली होती. अल्मालिनक्सने त्यानंतर ‘एलिव्हेट’ हे साधन आणले, रेड हॅटच्या लीप या अपग्रेडच्या साधनावर उभारलेले, आणि सेंटओएस ७ वरून अल्मालिनक्स ८ वर जाण्याचा रस्ता झाला. ते आधी यंत्राची तपासणी करून अडथळ्यांची यादी देते. दोन नेटवर्क कार्डे असून त्यांची नावे ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ अशी जुन्या धर्तीची असतील तर पुढे जायलाच नकार देते, कारण नव्या कर्नलमध्ये ती नावे अदलाबदल होऊ शकतात आणि मग दूरवरच्या यंत्राशी बोलण्याचा मार्गच खुंटतो. मला हा नकार फार सुज्ञ वाटतो. उबंटूमध्ये एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरण्याच्या सुरक्षित जोडणीवरून, अपग्रेड सुरू केले, तर १०२२ या पोर्टवर दुसरा एसएसएच उभा राहतो, म्हणजे नेहमीचा वाटेत कोसळला तरी आत जायला वाट असावी. अशा सोयी टेबलाशी बसून सुचत नाहीत. कोणीतरी कुठेतरी तुटलेल्या जोडणीसमोर रात्र काढलेली असणार.

लीप सगळी पॅकेजे उतरवून घेते आणि मग सांगते, रीबूट करा. ती आज्ञा दिल्यावर एसएसएच तुटते. यंत्र एका तात्पुरत्या, छोट्या सिस्टिममध्ये जाऊन स्वतःची पॅकेजे बदलू लागते आणि त्या काळात ‘जागे आहेस का’ असे विचारणाऱ्या पिंगला उत्तर देत नाही. ज्याच्यात भरपूर मेमरी आहे असा सर्व्हर नुसते स्वतःला तपासायलाच काही मिनिटे घेतो. पडद्यावर ‘पोहोचता येत नाही’ ही ओळ एकाखाली एक येत राहते. पोटात खड्डा पडतो, आणि इतक्या वर्षांनीही तो पडायचा थांबलेला नाही. जूनचा शेवट, बाहेर पावसाची झड, यंत्र उठले नाही तर कोणाला तरी रात्रीच एक्सप्रेस-वेने घाट उतरून महापेला जावे लागणार, हे सगळे त्या मिनिटांत डोळ्यांपुढून जाते. म्हणून सिरियल कन्सोल, म्हणजे यंत्राचा नुसत्या मजकुराचा पडदा, आधी चालू करून ठेवावा, हे मी नव्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगते. सर्व्हरच्या देखरेखीच्या चिपमधून तो नेटवर्कवर दिसतो, मुख्य यंत्र मुके असले तरी. तिथे पॅकेजांची नावे एकेक करून सरकताना दिसली की श्वास मोकळा होतो. काम तेवढेच, धोकाही तेवढाच, पण दिसत असले की माणूस विचार करू शकतो. दिसत नसले की तो घाबरून पॉवर बंद करतो, आणि पॅकेजे अर्धवट बदललेल्या यंत्राची पॉवर बंद करण्याइतके वाईट दुसरे काही नाही.

अल्मालिनक्स ८ ची मुदत २०२९ पर्यंत आहे, ९ ची २०३२ पर्यंत. तोवर स्वस्थ बसायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. प्रत्येक सर्व्हर वर्षातून एकदा तरी जादाच्या लोखंडावर फाईलीवरून नव्याने उभा करून पाहायचा, मूळचा चालू असतानाच. जे यंत्र फाईलीतून जसेच्या तसे उभे राहत नाही, त्यात काहीतरी न लिहिलेले आहे, आणि ते माणूस आपल्यात असतानाच विचारून घ्यायचे. सुरुवातीला याला वेळ वाया घालवणे म्हणणारे होते. दोनतीन यंत्रांतून बिननोंदीच्या गोष्टी निघाल्यावर ते बोलणे थांबले.

या फेरीत सगळ्यांत अवघड निघाला तो इन्स्टॉल सर्व्हर स्वतः. बाकीच्यांच्या हाकेला तो उत्तर देतो. त्याच्या हाकेला कोण देणार? आजवर तो पेन ड्राइव्हने, समोर उभे राहून चढवत आलो आणि त्याची किकस्टार्ट फाईल छापून पुण्याच्या कपाटात ठेवली. स्क्रिप्ट शोधून काढणाऱ्या त्याच मुलीचे म्हणणे पडले, की असाच दुसरा इन्स्टॉल सर्व्हर पुण्यात उभा करावा आणि दोघांनी एकमेकांना उभे करावे. मी शंका काढली ती अंतराची. टीएफटीपी तुकड्यागणिक उत्तराची वाट पाहतो. ३० एमबीच्या फाईलीचे ५१२ बाइटांचे तुकडे साठ हजारांवर होतात, आणि पुणे-महापे जाण्यायेण्याला ५ मिलिसेकंद धरले तरी नुसत्या वाट पाहण्यात पाच मिनिटे जातात. मध्ये लाइन बराच वेळ तुटली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. तिने यावर मान्य करावे असेच उत्तर आणले. यंत्राच्या फर्मवेअरचे जे यूईएफआय हे मानक, त्याच्या २०१५ च्या २.५ आवृत्तीपासून फर्मवेअरला एचटीटीपीवरून, म्हणजे वेबच्या भाषेत, बूट करता येते, आणि आयपीएक्सई हा बूट प्रोग्राम तर एचटीटीपीएस बोलतो, समोरच्याचे प्रमाणपत्र तपासून. म्हणजे तुकड्यातुकड्याला थांबणे नाही, आणि पहिल्या आवाजावर डोळे मिटून विश्वास ठेवणेही नाही. डीएचसीपीच्या उत्तराची शंका त्याने पूर्ण मिटत नाही, यावर आमचे अजून एकमत व्हायचे आहे. तरी येत्या शनिवारी रात्री दहानंतर महापेचा इन्स्टॉल सर्व्हर पुसून पुण्यातून चढवायचे नक्की केले आहे. फाईल तिने लिहिली आहे, प्रत्येक ओळीवर टिपण आहे, आणि क्लिअरपार्टच्या ओळीतला डिस्कचा अनुक्रमांक मी फोटोशी ताडून पाहिला आहे.